न आंबणारा गूळ

१५ एप्रिल १९६८, जळगाव

नवी वही, नवं गाव, नवी नोकरी. शिरपूरहून सकाळच्या गाडीने निघालो तो भर दुपारी जळगावच्या स्टँडवर उतरलो. बरोबर एक ट्रंक, एक वळकटी, पाटा-वरवंटा आणि यशोदा. पाटा-वरवंटा नको म्हणून मी चारदा सांगितलं होतं. जळगावात काय दगडांचा दुष्काळ आहे का, असंही विचारून पाहिलं. बाईसाहेबांनी ऐकलं नाही आणि पाटा खांद्यावर घेऊन चालायचं काम माझ्याकडे आलं. नऊ वर्षांच्या संसारात एवढं मला आधीच कळायला हवं होतं.

छापखाना बळीराम पेठेत आहे. श्री माणक मुद्रणालय. मालक भिकमचंदजी शेठ, मारवाडी जैन, अंगाने किरकोळ, बोलायला अगदी मऊ. त्यांनी स्वतः उठून आम्हाला माठातलं पाणी दिलं. मला मुकादम म्हणून घेतलंय. म्हणजे हाताखाली सहा जुळारी, दोन छपाईयंत्रं, आणि सगळ्यांच्या चुका माझ्या डोक्यावर. शिरपूरला मी एकटाच अक्षरं जुळवायचो, एकटाच मुद्रितं तपासायचो आणि एकटाच झाडू मारायचो. तेव्हा ही बढतीच म्हणायची.

मागच्या अंगाला दोन खोल्या राहायला मिळाल्या आहेत. यशोदेने आधी चूल कुठे मांडायची ते पाहिलं, मग खिडकी उघडून लावून पाहिली आणि मान हलवली. म्हणजे घर पसंत पडलं. संध्याकाळी शेठजींच्या घरून शेवभाजी आली. फार दिवसांनी इतका पोटभर जेवलो.

१७ एप्रिल

माणसं चांगली आहेत. सगळ्यांत जुने हिलाल आबा, वय साठीपुढे, चाळीस वर्षं खिळे जुळवतात. खिळे म्हणजे आमची शिशाची अक्षरं. आबा न बघता खणातून खिळा उचलतात, तोंडात तंबाखू, तेच काळे हात तोंडाला. मला असला गबाळेपणा खपत नाही. मी जेवणाआधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतो, नखं काडीने कोरतो. इथे मला पहिल्याच दिवशी 'भटजी' नाव पडलं आहे. पडू दे.

आज मुकादमाचं खरं काम कळलं. रोज तीनच्या सुमाराला यंत्रं थांबतात आणि मुकादमाने प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. शिसं अंगाला बाधू नये म्हणून. आबांनी समजावून सांगितलं, "शिसं पोटमा बठस भाऊ, गूळ त्याले ओढी काढस." स्वतः आबांना मात्र गूळ वर्ज्य आहे. गोड लघवीचा आजार. दुसऱ्याच्या हातावरचा खडा बघून ते उसासा टाकतात, "मन्हा नशीबमा गोड नही."

गूळ ठेवायची पेटी पाहण्यासारखी आहे. शेठजींचे वडील कैलासवासी माणकचंदजी यांनी छापखाना काढला. पहिल्या खेपेचे खिळे झिजले तेव्हा ते भंगारात घालायला त्यांचं मन होईना. अक्षर म्हणजे सरस्वती. म्हणून ते वितळवून त्यांनी ही पेटी ओतून घेतली. आबा तेव्हा नुकते कामाला लागले होते. तळ बोटभर जाड होता म्हणतात. यंत्राचे रूळ ओतायला सरस आणि गूळ लागतो, त्या गुळाच्या भेल्याही हिच्यातच. उंदराचा दात चालत नाही, मुंगी फिरकत नाही. दसऱ्याला यंत्राच्या आधी पेटीला हळदकुंकू लागतं.

१२ मे

ऊन मी म्हणतंय. केळीबागवाल्यांची पावतीपुस्तकं आणि लग्नपत्रिका यांनी जीव नकोसा केला. एका पत्रिकेत नवऱ्यामुलाच्या जागी त्याच्या बापाचं नाव पडलं होतं, ते मी पकडलं. शेठजी खूष झाले. मी घरी येऊन तीनदा तेच सांगितलं तेव्हा यशोदा म्हणाली की चौथ्यांदा सांगितलंत तर मी माहेरी जाईन.

माझ्याआधी इथे भाईदास नावाचा मुकादम होता. त्याचा कोट अजून खुंटीला आहे. गेल्या माघात गेला. शेवटी शेवटी त्याचे दोन्ही हात मनगटातून लोंबायचे आणि भिंतीकडे बघून बोलायचा म्हणे. आबांनी त्याचं कारण सांगितलं: पोट दुखतं म्हणून त्याने गूळ सोडला. दोन महिने खडा तोंडात घातला नाही, आणि शिशाने डाव साधला. ऐकून मी आपला एक खडा जास्तच खाल्ला.

३० जून

लिहू की नको? लिहितोच. यशोदेला दिवस गेले आहेत. तिसरा महिना चालू आहे.

नऊ वर्षांत दोनदा आशा लागली आणि दोनदा गेली. दुसऱ्या वेळी ती आठ दिवस कोणाशी एक शब्द बोलली नव्हती. म्हणून या खेपेला तिने मलाही उशिरा सांगितलं. मी हसलो, मग रडलो, मग उगीच बाहेर जाऊन डझनभर केळी घेऊन आलो. आता देवा, एवढं एक पदरात टाक. दुसरं काही मागत नाही.

२१ जुलै

शेठजींना कळलं. त्यांनी लगेच फर्मावलं की आजपासून मुकादमाच्या घरी दुप्पट गूळ जाईल, दोन जिवांची बाई आहे, छापखान्यामागे राहते, शिशाची धूळ घरात येणारच. असा मालक मिळायला पुण्य लागतं. त्यांच्या स्वतःच्या घरी पाळणा हलला नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या पोराचं त्यांना फार कौतुक.

पावसाळी हवेत गुळाला पाणी सुटलंय. बाजारातला गूळ आंबतो, तोंडात घातला की दात शिवशिवतात. आमच्या पेटीतला नाही. तो पाझरतो, मऊ होतो, पण आंबट म्हणून लागत नाही, उलट दिवसेंदिवस गोडच होत जातो. तळाशी आणि कडेला त्याच्यावर पांढरा थर धरतो. त्याला इथे पेटीची साखर म्हणतात. ती नुसती जिभेवर ठेवली तरी गोड. जुळाऱ्यांत तिच्यावरून भांडणं होतात, म्हणून वाटणी मुकादमाकडे. मी ती वाटत नाही. सुरीने खरवडून कागदात बांधतो आणि घरी नेतो. मुकादम झालो त्याचा एवढा तरी फायदा.

१९ ऑगस्ट

यशोदेला डोहाळे लागलेत ते ना चिंचेचे ना कैरीचे. तिला फक्त छापखान्याचा गूळ हवा. मी मुद्दाम बाजारातून चांगला पिवळाधमक आणला, तिने एक तुकडा चाखून बाजूला सारला. पेटीची साखर तेवढी बोटाने निपटून खाते. मी तिला मुंगी म्हणून चिडवतो. तीन वाजले की ती मागच्या दारात येऊन उभी राहते आणि सगळे जुळारी हसतात.

तिचा चेहरा मात्र उतरलाय. ओठ पांढुरके. पहिलटकरणीला रक्त कमी पडतं, गूळ खाऊ घाला, असं आबा म्हणाले. तोच चालू आहे.

९ सप्टेंबर

पोटात मुरडा. तीन दिवस झाले. आत कोणी पीळ घालून ओढतंय असं वाटतं, हाताने दाबून धरलं की जरा बरं. शौचाला होत नाही. एरंडेल झालं, त्रिफळा झाला. आबा म्हणाले गूळ वाढव. वाढवला.

आज एका जुळाऱ्यावर विनाकारण ओरडलो. घरी येऊन यशोदेवर. पाटा पायात आला म्हणून. तिने पोट धरूनच पाटा बाजूला सरकवला, तिचंही दुखत होतं. मग मला माझीच लाज वाटली.

दसरा

पेटीची पूजा झाली. सगळ्यांची बायकामुलं आली होती. बायका आल्या, असं म्हणायला हवं. मुलं काय ती हिलाल आबांचीच, म्हणजे त्यांची पाच नातवंडं, ती अंगणभर धुडगूस घालत होती. बाकी आम्हा सगळ्यांच्या घरांत मिळून एकही मूल नाही. मोतीलाल कारकुनाच्या बायकोची तीन गेली. मी थट्टेने म्हणालो की आबा, सगळ्यांच्या वाटणीची तुम्हीच घेऊन बसलात. कोणी हसलं नाही. यशोदेने माझ्याकडे असं पाहिलं की जीभ चावली.

१३ ऑक्टोबर

यशोदेला माहेरी पोचवून आलो. सातवा लागला. धुळ्यापर्यंत एसटी, पुढे बैलगाडी. सासऱ्यांनी, नानांनी, गाडीत गवताची गादी केली होती. निघताना आबांनी पेटीतला दोन किलोचा अख्खा खडा बांधून दिला. मी दोन महिन्यांची साठवलेली साखर वेगळ्या डबीत दिली, सासूबाईंच्या हातात. बाळंतिणीला आणि बाळाला पुरवून वापरा म्हणालो. त्यांनी डबी देवाजवळ ठेवली.

परतताना बसमध्ये डोळे भरून आले. ती गाडीतून उतरली तेव्हा माझा हात सोडत नव्हती.

२८ ऑक्टोबर

दिवाळी एकट्याने काढली. भूक नाही. तोंडात सारखी गोड चव आहे. भाकरी गोड, मिरची गोड, पाणीसुद्धा गोड. झोप येत नाही.

खिळा उचलताना उजवा हात थरथरतो. काल जुळवलेली ओळ हातातून पडली. चार ओळींचा मजकूर, त्याला दीड तास लागला. तोही चुकीचा. मी!

४ नोव्हेंबर

सकाळी कंगवा धरला. मनगट वर उचलेना. बोटं खाली लोंबतात. दुसऱ्या हाताने उचलून धरलं तर राहतं, सोडलं की पडतं.

कोणाला सांगितलं नाही. खुंटीवरच्या कोटाकडे बघवत नाही.

७ नोव्हेंबर

शेठजींनी पाहिलं. त्यांनीच टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर आहेत. त्यांनी ओठ उलटून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळी-काळी रेघ आहे म्हणाले, आरशात दाखवली. शिसं. सहा महिन्यांत एवढं कसं गेलं पोटात, असं त्यांनी तीनदा विचारलं. हात धूत नाही का? मी म्हणालो, कोपरापर्यंत धुतो. त्यांना खरं वाटेना. काम आजच सोडा म्हणाले. गुळाने काही होत नाही, ना चांगलं ना वाईट.

हे डाव्या हाताने लिहितोय. पेन्सिल घट्ट धरली की जमतं.

मला एक कळत नाही. आबांचे हात धुतलेले मी कधी पाहिले नाहीत. चाळीस वर्षं तेच हात, तीच तंबाखू. त्यांच्या हिरड्या आज बघितल्या. थोडा काळेपणा आहे. पण हात कसे, दगडासारखे. मग मीच का?

९ नोव्हेंबर

आबा गूळ खात नाहीत.

सगळ्या छापखान्यात एकटे आबा खात नाहीत.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर पेटी रिकामी केली. भेल्या काढायला एकच हात, वेळ लागला. आत खरवडून पुसलं. तळ नखाने दाबला तर दबला. उजेडाकडे तिरपी केली. तळाला तीन ठिकाणी आरपार उजेड दिसतो. बोटभर जाड होता तो. कागदाएवढा उरलाय.

पेटी कोणी तासली नाही. कोणी झिजवली नाही. एवढं शिसं गेलं कुठे?

आम्ही खाल्लं. गुळातून. गूळ आंबतो आणि ते आंबट शिशाला खातं, म्हणून तो आंबट लागत नाही. भाईदासने खाल्लं. त्याने सोडला तेव्हा फार उशीर झाला होता. मोतीलालच्या बायकोने खाल्लं. शेठजींच्या बायकोने.

पेटीची साखर. तीही शिसंच. जपून खरवडली. कागदात बांधली. स्वतःच्या हाताने यशोदेच्या —

१० नोव्हेंबर

शेठजींना सांगितलं. त्यांनी पेटीवरून हात फिरवला. मग म्हणाले की बाबूजींनी ही पेटी माणसांच्या भल्यासाठी केली, मी लहानपणापासून तिच्यातलं खातोय. रागावले नाहीत. दुखावले. जुळारी जमले. मी पेटी उचलून फेकायला गेलो, हातातून सुटली, गुळाची भेली फुटली. आबांनी एक एक तुकडा उचलून पुसला, पेटीत ठेवला. "भाईदासनी बी असंच करं व्हतं," ते म्हणाले.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मला कळलं ते काय समजले: यालाही भाईदाससारखा भ्रम झाला.

पत्र पाहिजे. लगेच. डाव्या हाताचं हे गिचमिड तिकडे कोण वाचणार? मोतीलालला कार्ड दिलं, तोंडाने सांगितलं: गूळ फेकून दे, साखरेची डबी विहिरीत टाक, एक कणही तोंडात घालू नको, मी सांगतो म्हणून. त्याने मान खाली घालून लिहिलं. पत्ता त्याला तोंडपाठ आहे, यशोदेच्या माहेरी जाणाऱ्या प्रत्येक कार्डावर तोच घालतो. स्वतः टपालपेटीत टाकून आला.

देवा, वेळेत पोचू दे.

१४ नोव्हेंबर

पोटात पुन्हा तेच. उभं राहवत नाही. दवाखान्यात जाऊन आलो, भिंत धरून. डॉक्टर दौऱ्यावर गेलेत. कधी येतील कोणी सांगेना.

खोलीतच असतो. शेठजी दोन वेळा दूध पाठवतात. चांगली माणसं आहेत सगळी. हेच वाईट.

१८ नोव्हेंबर

आज मला धरून गूळपाणी पाजलं. दोघांनी हात धरले, मोतीलालने वाटी तोंडाला लावली, आबांनी नाक दाबलं. आबा रडत होते. भाईदासला असंच धरून पाजलं असतं तर वाचला असता, म्हणत होते. मी थुंकलो. पुन्हा पाजलं.

गोड. फार गोड.

१९ — की २०

पानावरची अक्षरं सरकतात. एकमेकांवर चढतात. भिंतीतही आहेत. भाईदास कशाशी बोलायचा ते आता —

नाही. शुद्धीवर राहायचं. पत्र पोचलं असेल. तिने फेकला असेल. ती माझं ऐकते. पाट्याचं ऐकलं नाही, पण एरवी ऐकते.

अंगाला झटके येतात. जीभ चावली गेली.

२५ नोव्हेंबर

पत्र आलं. मेव्हण्याच्या हातचं. मी दहा वेळा वाचलं. इथे उतरवून घेतो, डोळे फसवत नाहीत ना ते बघायला.

मुलगी झाली. तीन दिवस झाले. आठव्यातच झाली, लहान आहे, पण रडली. यशोदाअक्काच्या अंगात ताप आहे, उठवत नाही. तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही लिहिल्याप्रमाणे अक्का रोज गूळ न चुकता खाते. बाळाला दूध ओढता येत नाही, म्हणून आई गुळाचं पाणी बोटाने चाटवते. तुम्ही दिलेली साखर बाळासाठीच जपली होती, तीच घालते. बाळ लगेच गप्प होतं.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे.

मोतीलालला हाक मारली. तो दारात उभा राहिला. आत आला नाही. गरोदर बाईला भलतंसलतं कसं कळवायचं, म्हणाला, तुम्ही भ्रमात होतात. मी आपलं लिहिलं, खुशाल आहे, गूळ खात जा. बरं वाटावं तिला. त्याची तीन गेलेली. तो माझ्या लेकीचं वाईट कसं चिंतील? तो रडायला लागला आणि मी त्याला मारायला उठलो. पडलो.

२६ नोव्हेंबर

मुलगी. मला मुलगी आहे. पाच दिवस झाले असतील, की सहा. रोज बोटाने —

आबांच्या पाया पडलो. तार करा म्हणालो. ते म्हणाले बरा हो, मग. कडी बाहेरून लावतात, मी पेटीकडे जातो म्हणून.

उद्या दूध घेऊन येतील तेव्हा.

२७

निसटलो. वही खिशात, दुसरं काही नाही. धुळ्याची गाडी मिळाली. खिडकीजवळ. एरंडोल गेलं. उजेड डोळ्यात खुपतो.

डाव्या हाताचीही बोटं ढिली. पेन्सिल मुठीत धरून —

ती एवढीशी असेल. तिला अजून पाहिलं नाही. कोणासारखी —

पारोळा स्टँड

गाडीत झटका आला. लोक घाबरले. कंडक्टरने उतरवलं, बाकावर निजवलं, माझी गाडी गेली. किती वेळ झाला कळत नाही.

एक बाई बसलीय शेजारी. म्हातारी. धुळ्याच्या गाडीला. तिने पाणी दिलं. मी सगळं सांगितलं तिला, गूळ, पेटी, बाळ. जीभ जड. तरी तिला कळलं. तिला खरं वाटलं! पहिलं माणूस. म्हणाली, दे चिठ्ठी, मी पोचाडस, आजच. धुळ्याहून पुढे जाईन, तुझी लेक ती मन्ही लेक.

पान फाडून तिला देणार. हे —

यशोदे बाळाला ते पाणी देऊ नको. डबी फेक. गूळ फेक. ते पत्र माझं नाही. तू पण खाऊ नको. दूध दे नुसतं. मी येतो

गाडी लागली. बाई विचारते, गाव कोणतं शे भाऊ?

गाव

तिचं माहेर. धुळ्याच्या पुढे. बैलगाडी. वड आहे वाटेत. गाव

मेव्हण्याचं पत्र उशीखाली राहिलं. वही चाळली, सगळीकडे माहेर, माहेर, माहेर लिहिलंय. कुठेच नाव —

सासऱ्यांचं? नाना. आम्ही नाना म्हणतो. नाव घेतो कोण

बाई हात धरून हलवते. "गावनं नाव सांग भाऊ, गाडी चालनी."

माहीत आहे मला. नऊ वर्षं जातोय. तोंडावर आहे. स वरून — नाही. क —

थांबवा गाडी. सांगतो. गाव